वाढत्या गावाचा प्रपंच

ह्या सदरातून आपण घरच्या जमाखर्चाविषयी पुष्कळ वेळा बोललो आहोत. आज घराचा उंबरठा ओलांडून थोडे बाहेर पाहावयाचे आहे. आपण ज्या गावात राहतो त्या गावालाही प्रपंच असतो. त्यालाही कमवावे लागते, पाणी भरावे लागते, आल्यागेल्याची सोय पाहावी लागते, लेकरांच्या शिक्षणाची आणि उद्याच्या दिवसाची तजवीज ठेवावी लागते. घराची काळजी घरातील कर्ती माणसे वाहतात. गावाची काळजी कोणी वाहावयाची, हा प्रश्न मात्र आपण बहुधा नगरपालिकेच्या दारात टाकून मोकळे होतो.

सरकारी कागदपत्रांत ह्या विषयाला ‘स्थानिक आर्थिक विकासाची व्यूहरचना’ असे भारदस्त नाव असते. भाषांतराच्या मेजावर असे शब्द नेहमीच येतात, आणि ते मराठीत उतरविताना लेखणी थोडी अडखळते. व्यूह म्हटला की चक्रव्यूह आठवतो आणि त्याच्या मागोमाग अभिमन्यूही आठवतो. आत शिरण्याची विद्या त्याला अवगत होती. बाहेर पडण्याची नव्हती. गावांच्या बाबतीतही असे घडते, हे पुढे दिसेलच. म्हणून आपण आपला साधा ‘प्रपंच’ हाच शब्द घेऊ. प्रपंचात केवळ मिळकत येत नाही. मिळकत, खर्च, शिल्लक आणि शेजारधर्म ही चारही येतात.

हा विषय आजच का घ्यावा? २०११ च्या जनगणनेत आपल्या देशातील सुमारे ३७ कोटी ७० लक्ष माणसे, म्हणजे शंभरांतील एकतीस, नागरी वस्तीत राहत असल्याचे आढळले. नागरी वस्त्यांची संख्या ७,९३५ भरली. त्यांपैकी ३,८९४ वस्त्या अशा होत्या की, ज्यांना कायद्याने नगराचा दर्जा नव्हता. तेथे कारभार ग्रामपंचायतीचा. परंतु लोकसंख्या पाच हजारांहून अधिक, वस्ती दाट, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान तीनचतुर्थांश शेतीबाहेरच्या उद्योगांत गुंतलेले. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, अशा वस्त्या अवघ्या १,३६२ होत्या. ह्याचा अर्थ असा की, गावे शहरे होत आहेत ती कोणी ठरवून नव्हे. ती होऊन जात आहेत. वाचकहो, आपण इंदूर-बडोद्याकडे असा, बेळगाव-हैदराबादकडे असा, की विदर्भ-मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी असा. आपल्या आसपास असे एखादे गाव आपणांस सहज आठवेल. कालपर्यंत जेथे बैलबाजार भरत होता तेथे आज मोटारींच्या दुरुस्तीची दुकाने उभी आहेत. गाव वाढले आहे, परंतु त्या वाढीचा विचार कोणी केलेला नाही.

येथे कोणी म्हणेल की, आमच्या नगराची विकास योजना तर मंजूर झालेली आहे. खरे आहे. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यान्वये अशा योजना तयार होतात. इतर राज्यांतही त्या त्या कायद्यांनुसार होतात. परंतु हा नकाशा एकदा नीट पाहावा. त्यात निवासाचा भाग एका रंगाचा, बाजाराचा दुसऱ्या, कारखान्यांचा तिसऱ्या. शाळेसाठी, उद्यानासाठी, रस्त्यासाठी जागा राखून ठेवलेल्या. कोणत्या जागी काय असावे, हे तो सांगतो. गावातील माणसांनी पोट कशावर भरावे आणि तो उद्योग किती दिवस टिकेल, हे तो सांगत नाही. घराचा आराखडा काढला म्हणजे घर चालू लागत नाही. चुलीवर काय शिजणार, त्याचाही विचार व्हावा लागतो.

हा विचार केला तर काय होते आणि अर्धवट केला तर काय होते, हे तामिळनाडूतील तिरुप्पूर नगराच्या उदाहरणावरून उत्तम समजते. आपल्या कपाटातील गंजीफ्रॉक किंवा मुलांचे विणलेले सदरे तेथून आलेले असण्याचा बराच संभव आहे. कोइमतूरच्या पूर्वेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर, नोय्यल नदीच्या काठी हे गाव वसले आहे. नोय्यल पश्चिम घाटात उगम पावते आणि कावेरीस जाऊन मिळते. हा कोंगू नावाचा प्रदेश कापसाचा. म्हणून तिरुप्पुरात प्रथम कापसाची बाजारपेठ होती, सरकी काढण्याचे कारखाने होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे गंजीफ्रॉक विणण्याची यंत्रे आली. पुढे आसपासचे शेतकरी तरुण ह्या कारखान्यांत कामाला लागले, काम शिकले, आणि त्यांतील कित्येकांनी थोडे भांडवल जमवून, आप्तांच्या भागीदारीत स्वतःचे छोटे कारखाने काढले.

ह्या उद्योगाची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. एका मोठ्या गिरणीत सूत आत जाऊन कपडा बाहेर पडतो, तसे येथे नाही. एकजण कापड विणून देतो, दुसरा ते विरंजन करून रंगवितो, तिसरा छापतो, चौथा बेतून शिवतो, पाचवा तपासून घड्या घालतो, सहावा पुठ्ठ्याची खोकी पुरवितो. प्रत्येक काम वेगळ्या छपराखाली. त्यामुळे थोड्या पैशांत धंद्यात उतरता येते. एखाद्याचे गणित चुकले तरी सारा गाव बुडत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस परदेशी ग्राहकांची पावले तिरुप्पूरकडे वळली. १९९० मध्ये तेथील निर्यातदारांनी आपली संघटना स्थापन केली. पुढील वीस वर्षांत ह्या गावाचे नाव युरोप-अमेरिकेच्या बाजारात पोहोचले. २००८ मध्ये तेथे महानगरपालिका झाली, २००९ मध्ये ते जिल्ह्याचे ठिकाण झाले. २०११ च्या जनगणनेत भोवतालच्या वस्त्यांसह लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख भरली. ओरिसा, बिहार, झारखंड, आसाम अशा दूरदूरच्या प्रांतांतून मुलेमुली तेथे शिवणयंत्रावर बसावयास येऊ लागली.

परंतु कापड रंगवावयाचे म्हणजे पाणी हवे, आणि सुती कापडावर पक्का रंग बसावयाचा तर त्या पाण्यात भरपूर मीठ घालावे लागते. पाऊस बेताचा, नोय्यल बारमाही नव्हे. तेव्हा आसपासच्या खेड्यांतील विहिरींचे पाणी टँकरने येऊ लागले. शेतकरी पीक पिकविण्याऐवजी पाणी विकू लागला. रंगविल्यानंतरचे खारट, रंगीत पाणी मात्र नोय्यलमध्येच जात राहिले. नदीच्या खालच्या अंगाला ओरत्तुपाळयम येथे १९९० च्या दशकाच्या आरंभी शेतीसाठी धरण बांधण्यात आले. काही वर्षांतच त्या धरणात शेतीयोग्य पाण्याऐवजी कारखान्यांचे सांडपाणी साठले. ज्या शेतकऱ्यांसाठी धरण बांधले तेच शेतकरी, ‘हे पाणी आमच्या रानात सोडू नका,’ असे म्हणू लागले. जमिनी खारावल्या, विहिरी नासल्या.

गावाच्या उद्योजकांनी पाण्याचा विचार केला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९५ मध्ये राज्य सरकार, निर्यातदारांची संघटना व एक वित्तसंस्था ह्यांनी मिळून एक कंपनी स्थापन केली आणि सुमारे एक हजार कोटी रुपये खर्चाची पाणी योजना उभारली. भवानी नदीचे पाणी नळाने आणून दररोज साडेअठरा कोटी लिटर पाणी पुरविण्याची तिची क्षमता होती. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात ती सुरू झाली. खाजगी सहभागातून पाणीपुरवठ्याची एवढी मोठी योजना आपल्या देशात तोवर झाली नव्हती. परंतु ध्यानात घ्या: विचार झाला तो आत येणाऱ्या पाण्याचा. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा हिशेब त्याच तळमळीने मांडला गेला नाही. आत शिरण्याची विद्या होती. बाहेर पडण्याची नव्हती.

अखेर नोय्यलकाठच्या शेतकऱ्यांची संघटना न्यायालयात गेली. २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आदेश दिला की, रंगकामाच्या कारखान्यांनी एक थेंबही सांडपाणी नदीत सोडता कामा नये. मुदती मिळाल्या, वाढल्या, उलटल्या. जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने रंगकाम व विरंजनाचे सुमारे सातशे कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. एका धाग्यात ओवलेले सारे मणी एकदम थांबले. कापड विणणाऱ्याला गिऱ्हाईक नाही, शिवणाऱ्याला कापड नाही, खानावळवाल्याला जेवणारे नाहीत. अनेक मजूर गाठोडे बांधून परतले. काही रंगकाम दुसऱ्या गावांकडे गेले. आपली शेती नासली म्हणून रडणारा शेतकरी खोटा नव्हता. आपली रोजी गेली म्हणून रडणारी शिवणकाम करणारी मुलगीही खोटी नव्हती. दोघांचे खरे एकमेकांसमोर उभे ठाकले, ह्यातच त्या गावाच्या नियोजनाची उणीव दिसून येते.

पुढचा भाग मात्र आशादायक आहे. राज्य सरकारने साहाय्य दिले, कारखानदारांनी कर्जे काढली, आणि अनेक कारखान्यांचे मिळून एक अशी सामायिक शुद्धीकरण केंद्रे नव्या पद्धतीने चालू झाली. तेथे सूक्ष्म पडद्यांतून पाणी गाळतात, उरलेले आटवितात, बहुतांश पाणी व पुष्कळसे मीठ पुन्हा रंगकामालाच वापरतात. ही पद्धत खर्चाची आहे. तिला वीज फार लागते. शेवटी उरणाऱ्या मिश्र क्षारांचे काय करावे, हा प्रश्नही राहतोच. परंतु ज्या गावाने हा भार उचलला त्याचा माल आज परदेशी ग्राहकापुढे ‘नदी न नासविता रंगविलेला’ म्हणून ठेवता येतो. जे पंचवीस वर्षे ओझे वाटले तेच शेवटी प्रतिष्ठेचे कारण झाले. आरंभीच केले असते तर स्वस्तात झाले असते, एवढेच.

आपल्या महाराष्ट्रातील इचलकरंजीची कथा हिच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार ह्यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसविला. जहागिरीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे ह्यांनी उद्योगाला उत्तेजन दिले. पुढे सहकारी सूतगिरणी आली, सायझिंगचे कारखाने आले, मजुरीवर कापड विणून देणारे हजारो खर्चीवाले यंत्रमागधारक उभे राहिले. १९८२ मध्ये वस्त्रोद्योगाचे शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली. उद्योगाच्या गावात उद्योगाची विद्या शिकविली जाऊ लागली. इतके सारे जमले. परंतु पंचगंगेचे पाणी नासत गेले. २०१२ मध्ये तेथे काविळीची मोठी साथ आली आणि तीत माणसे दगावली. मग गावाने वारणेचे पाणी मागितले, त्यानंतर दूधगंगेचे. दोन्ही वेळा त्या त्या नदीकाठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. २०२२ मध्ये इचलकरंजीची महानगरपालिका झाली. दर्जा वाढला, तरी शेजाऱ्याकडे घागर घेऊन जाण्याची पाळी टळली नाही. स्वतःची विहीर नासविलेल्या घराला शेजारी पाणी देताना कांकू करणारच. त्याला दोष कसा द्यावा?

आता एक निराळे उदाहरण. तामिळनाडूतच शिवकाशी हे रखरखीत गाव आहे. पाऊस कमी, शेती बेभरवशाची. १९२२ मध्ये तेथील अय्य नाडार व षण्मुग नाडार हे दोघे चुलतबंधू कलकत्त्यास गेले आणि आगपेट्या तयार करण्याची विद्या शिकून आले. ज्या कोरड्या हवेने शेती मारली तीच हवा आगकाड्या वाळविण्यास उपकारक ठरली. आगपेटीमागून फटाके आले. पेटीवर आणि फटाक्यांच्या वेष्टनावर रंगीत चित्र हवे म्हणून छापखाने आले. आणि आज भिंतीवरची दिनदर्शिका किंवा पुस्तकाचे वेष्टन छापून घ्यावयाचे म्हटले तरी शिवकाशीचे नाव निघते. एका उद्योगाच्या कुशीत दुसरा जन्मला. ह्याच गावाने बालमजुरीचा कलंक दीर्घकाळ वाहिला आणि स्फोटांत माणसे गमावली, हेही नमूद केले पाहिजे. गावाची उणीव हेच भांडवल होऊ शकते. परंतु त्या भांडवलावरील व्याज कोणाच्या जिवावर फेडले जाते, हे पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

ह्या तीन गावांवरून वाढत्या गावाच्या वहीत कोणती चार पाने असावीत, हे ठरविता येते. पहिले पान मिळकतीचे. बाहेरून पैसा गावात कशामुळे येतो? माल विकून, की बाजारपेठेमुळे, की महाविद्यालय, रुग्णालय, देवस्थान ह्यांच्या निमित्ताने येणाऱ्या माणसांमुळे, की केवळ नोकरदारांच्या पगारामुळे? ज्या गावाची मिळकत एकाच खांबावर उभी आहे त्याने दुसरा खांब वेळीच शोधला पाहिजे. आणि तो बहुधा पहिल्याच्या शेजारी सापडतो, हे शिवकाशीने दाखविले.

दुसरे पान फिरत्या पैशाचे. आलेला रुपया गावातून बाहेर जाण्यापूर्वी किती हातांतून जातो? कापूस गावात पिकतो आणि सूत बाहेरून येते. दूध गावचे आणि लोणी परगावचे. शाळांना बाके हवीत आणि गावचे सुतार रिकामे बसलेले. अशी जागा सापडली की तेथे एक नवा धंदा उभा राहू शकतो. मोठा कारखाना यावा म्हणून फुकट जमीन देऊ करणारी नगरे पुष्कळ आहेत. परंतु तिरुप्पूर उभे राहिले ते गावातील शेकडो लहान माणसांच्या जोडकामावर.

तिसरे पान झीज दाखविणारे. उद्योग काय वापरतो आणि काय नासवितो? किती पाणी, किती सरपण व वीज, किती सुपीक जमीन, कोणाची फुप्फुसे, कोणाचे डोळे? घरातील दागिना मोडून आणलेल्या पैशाला आपण मिळकत म्हणत नाही. नदी मोडून आणलेल्या पैशाला तरी मिळकत का म्हणावे? प्रत्येक नव्या उद्योगाला परवाना देताना ‘पाणी कोठून आणणार’ ह्यापेक्षा ‘वापरलेले पाणी कोठे सोडणार’ हा प्रश्न अगोदर विचारला गेला पाहिजे.

चौथे पान नव्या माणसांचे. उद्योग आला की मजूर येतो. तो झोपणार कोठे, त्याच्या मुलांची शाळा कोणत्या भाषेतील, त्याच्या पत्नीस प्रसूतीसाठी जाता येईल असे रुग्णालय किती दूर? एका खोलीत दहा मुले पाळीपाळीने झोपत असतील तर त्या गावाची भरभराट कागदावरची आहे. परप्रांतात जाऊन राहिलेल्या वाचकांना हे अधिक सांगावयास नको. भाड्याच्या खोलीसाठी दारोदार फिरताना गावाची खरी ओळख होते.

ही चार पाने भरावयाची कशी? अगोदर पाहणी, मग योजना, हा धडा आपल्या देशाला शंभर वर्षांपूर्वीच मिळाला आहे. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले, अनेक नगरांतून पायी हिंडले, आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरशास्त्र शिकवू लागले. वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसे नगररचनाकाराने गाव पाहिल्यावाचून रस्ता आखू नये, असा त्यांचा आग्रह होता. १९१८ मध्ये त्यांनी इंदूर दरबाराला नगरविकासाचा विस्तृत अहवाल सादर केला. त्याआधी इंदुरात प्लेगची भीती असताना त्यांनी दिवाळीची एक भव्य मिरवणूक काढविली, आणि असे जाहीर केले की, जी वस्ती अधिक झाडून-सारवून स्वच्छ होईल त्या वस्तीतून मिरवणूक जाईल. लोकांनी गाड्याच्या गाड्या भरून कचरा बाहेर काढला. हुकूम काढून जे झाले नसते ते सहभागाने झाले.

ह्याच परंपरेत धनंजयराव गाडगीळ ह्यांचे नाव घेतले पाहिजे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने त्यांच्या नेतृत्वाखाली पुणे शहरातील कुटुंबांची सामाजिक व आर्थिक पाहणी केली. तिचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्या पेठेत कोणता व्यवसाय, कोणाची किती मिळकत, कोण कोठून येऊन स्थायिक झाला, हे घरोघर जाऊन टिपलेले. पुढे १९६९ मध्ये बँकांनी एकेका क्षेत्राची जबाबदारी घेऊन तेथील गरजा पाहून कर्जपुरवठा करावा, अशी सूचना गाडगीळांच्या अभ्यासगटाने केली आणि जिल्हावार अग्रणी बँकांची योजना तीतून आली. आपल्या जिल्ह्यालाही अशी एक अग्रणी बँक नेमून दिलेली आहे. तिच्या पतयोजनेत आपल्या गावच्या लोहारकामाला किंवा विणकामाला जागा आहे किंवा नाही, हे विचारण्यास कोणाचीही आडकाठी नाही.

कायद्यानेही हे काम आपल्या गावावर सोपविले आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवावयाच्या कामांची जी अठरा कलमी यादी बाराव्या अनुसूचीत घातली, तीत दिवाबत्ती व झाडलोटीबरोबर ‘आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन’ हेही एक कलम आहे. त्याच दुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली. तेथे नगर आणि भोवतालची खेडी ह्यांचे पाणी, जमीन व रस्ते ह्यांचा एकत्र विचार व्हावा, हा हेतू. नोय्यलकाठचे शेतकरी आणि तिरुप्पूरचे रंगकाम करणारे न्यायालयाच्या पायरीवर भेटण्यापूर्वी अशा समितीत भेटले असते तर किती बरे झाले असते! परंतु पुष्कळ नगरपालिकांत ह्या कलमाकडे पाहण्यास ना माणूस असतो, ना पैसा. जकात गेल्यापासून त्यांची भिस्त सरकारी अनुदानावर अधिकच वाढली. म्हणून घरपट्टी व पाणीपट्टी वेळेवर भरणे आणि त्या पैशांचा हिशेब तितक्याच नेमाने मागणे, ही दोन्ही नागरिकाची कर्तव्ये ठरतात. पहिले न करता दुसरे करणे शोभत नाही, आणि दुसरे न करता पहिले निष्फळ होते.

रस्त्याच्या कडेस भाजी, फुले, बांगड्या विकणाऱ्यांनाही ह्या प्रपंचात स्थान आहे. २०१४ च्या कायद्याने त्यांच्यासाठी नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. तिच्यात निदान चाळीस टक्के सभासद खुद्द विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. गावाच्या सुशोभनाच्या नावाखाली ज्या टोपल्या उचलून नेल्या जातात त्यांत कोणाच्या तरी घरची संध्याकाळची भाकरी असते. गाव नटविणे आणि गाव जगविणे ह्यांत विरोध येऊ न देणे हीच कारभाऱ्यांची कसोटी आहे.

आपल्यासारख्या कुटुंबांनी काय करावे? आरंभ लहान असला तरी चालेल. राष्ट्रीय सेवा योजनेतील मुले जवळच्या महाविद्यालयात असतील, शिक्षक असतील, निवृत्त झालेले हिशेबनीस, तलाठी, अभियंते असतील. त्यांनी मिळून एका प्रभागाची वही तयार करावी. किती दुकाने, किती कारागीर, कच्चा माल कोठून, विक्री कोठे. मागील तीन वर्षांत शाळा सोडलेल्या मुलामुलींपैकी किती कामाला लागली, किती बाहेरगावी गेली, किती घरी बसली. उन्हाळ्यात विहिरींना किती हात पाणी. कोणता जुना व्यवसाय बंद पडत आहे आणि तो का. घरातील स्त्रियांना ह्यांतील बरीच माहिती आधीच असते, कारण कोणती वस्तू गावात मिळत नाही आणि कशासाठी दूर जावे लागते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. ही वही नगरसेवकाच्या हाती द्यावी आणि अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी द्यावी. विकास योजनेवर हरकती व सूचना मागविल्या जातात तेव्हा आपल्या भिंतीपुरती हरकत घेऊन थांबू नये. एखादी सूचना साऱ्या गावासाठीही करावी.

पुष्कळांना वाटेल की, हे सारे मोठ्यांचे काम आहे. परंतु तिरुप्पूरचे कारखाने दिल्लीहून कोणी आणून बसविले नव्हते, आणि नोय्यलचा खटला लढविणारे कोणी मोठे अधिकारी नव्हते. दोन्ही गोष्टी त्या प्रदेशातील सामान्य माणसांनी केल्या. चूक झाली ती इतकीच की, कमावणारे आणि सोसणारे वेळीच एकत्र बसले नाहीत. आपले गाव अजून वाढत आहे. त्याची नदी कदाचित अजून पुरती नासलेली नाही. त्याच्या विहिरींना अजून पाणी आहे. चार पानांची वही उघडण्यास हीच वेळ योग्य. पुढील पिढी आपणांस विचारील ते गावाने किती कमावले एवढेच नव्हे. पिण्यासारखे काय राखून ठेवले, हेही विचारील. त्या दिवशी दाखवावयास आपल्याजवळ स्वच्छ हिशेब असावा.